खर्रा सोडताना क्रम का चुकतो : शपथेआधीची वही आणि शपथेनंतरचं वर्ष

पोळ्याला आमच्या गावात दरवर्षी चार-पाच जण खर्रा सोडतात. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदात, घोटून केलेलं मिश्रण. बैलाच्या खांद्यावर हात ठेवून शपथ घेतात, खिशातली पुडी नाल्यात भिरकावतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्यातले दोघं त्याच संध्याकाळी पानठेल्यावर दिसतात. उरलेले गणपती बसेस्तोवर टिकतात, म्हणजे आणखी तीन-चार दिवस.

मी स्वतः असा तीनदा सोडला आणि तीनदा धरला. चौथ्यांदा सुटला. तेव्हा माझा निश्चय काही वाढला नव्हता, फक्त कामाचा क्रम बदलला होता. बहुतेक लोक शपथेपासून सुरुवात करतात. खरं तर शपथ ही पाचवी पायरी आहे. तिच्याआधीच्या चार पायऱ्या गाळल्या की माणूस पडतो, आणि मग ‘आपल्यात दमच नाही’ असं ठरवून टाकतो. हा लेख त्या क्रमासाठी आहे. नस (तंबाखूची पूड) घासणाऱ्या, गुडाखू (तंबाखू-गुळाची पेस्ट) दातांना लावणाऱ्या आयाबायांनाही तो तसाच लागू पडतो, ठेल्याच्या जागी न्हाणीघर धरायचं.

सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या

बाजारातून रात्री परतताना बंडीवर गडी झोपला, तरी बैल बरोबर घराच्या फाटकाशी येऊन थांबतात. रोजच्या येण्याजाण्यानं रस्ता त्यांच्या पायात बसलेला असतो. खर्ऱ्याचंही तसंच आहे. दिवसाचा पहिला खर्रा तुम्ही ठरवून खात असाल, पुढचे तुम्ही खात नाही, ते खाल्ले जातात. चहा झाला, खर्रा. वखर थांबला, खर्रा. आधी एक खूण येते, मग हात खिशात जातो, मग बरं वाटतं. हे हजारो वेळा घडलं की मधला विचार गळून पडतो.

मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळानं तोंडात रसाचे थेंब पडायचे. सुरुवातीला रस मिळाल्यावर मेंदूतल्या डोपामिनच्या (बक्षिसाची चाहूल देणाऱ्या रसायनाच्या) पेशी उसळायच्या. असं वारंवार झाल्यावर त्या नुसता दिवा लागताच उसळू लागल्या, रसाला त्यांना काही नवल उरलं नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर ऐन रसाच्या वेळेला त्या पेशी नेहमीपेक्षाही खाली बसायच्या. आपल्याकडे दिव्याच्या जागी पन्नीचा चुरचुर आवाज ठेवा. शेजारच्यानं पन्नी काढली की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि घेतला नाही तर उगाच उदास वाटतं. ही शिकवण पक्की झालेली असते, तिला चारित्र्यातला दोष समजू नका.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकू. ‘एकवीस दिवस काढले की सवय जाते.’ लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक छोटी नवी गोष्ट करायला लावली, जेवणासोबत फळ खा, पाणी पी, थोडं पळ, अशी. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ लागले, कुणासाठी हिशेब थेट २५४ दिवसांवर गेला. हा आकडा चांगली सवय लावण्याचा आहे, व्यसन सोडण्याचा नाही. तरी त्यावरून एवढं कळतं की बाविसाव्या दिवशी तलफ आली म्हणून तुमचं काही बिघडलेलं नाही.

१. सात दिवस वही, आणि खर्रा चालूच

ही पायरी सगळ्यांना फालतू वाटते आणि सगळे ती गाळतात. मीही तीन वेळा गाळली होती.

पोराची जुनी दोनशे पानी वही घ्या. पानावर पाच रकाने आखा : किती वाजता, कुठे, सोबत कोण, त्याच्या लगेच आधी काय केलं, मनात काय होतं. सात दिवस प्रत्येक खर्ऱ्याची एक ओळ लिहायची. लिहिता येत नसेल तर रिकाम्या पन्न्या डब्यात साठवा आणि रात्री घरच्या कुणाकडून तरी आठवून लिहून घ्या.

या आठवड्यात कमी करायचा नाही. हे मुद्दाम सांगतोय. वही हातात आली की माणूस लाजून आपोआप दोन-तीन कमी खातो आणि त्याच आनंदात तिसऱ्या दिवशी शपथ घेऊन मोकळा होतो. मग नोंद अर्धीच राहते, आणि जी खूण नोंदलीच गेली नाही तीच नंतर घात करते. सात दिवसांत आठवडी बाजाराचा एक दिवस येतोच, त्या दिवसाची नोंद चुकवू नका.

माझ्या वहीत दिवसाला अकरा निघाले. मी लोकांना पाच सांगायचो, आणि मलाही पाचच वाटायचे. अकरातले आठ फक्त चार खुणांना बांधलेले होते : सकाळी संडासला जाण्याआधी, प्रत्येक चहानंतर, डवरणीत (उभ्या पिकातल्या कोळपणीत) एक तास, म्हणजे ओळ, संपून बैल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वळवले की, आणि कुठेही रांगेत थांबावं लागलं की. रांग कशाचीही चालायची, रेशनची, बँकेची किंवा बाजार समितीत काट्यापुढे उभ्या गाड्यांची. उरलेले तीन मी मागितलेच नव्हते, कुणीतरी पुढे केले म्हणून खाल्ले. ‘मनात काय होतं’ या रकान्यात ‘तलफ’ हा शब्द आठवड्यात मोजून नऊ वेळा आला. बाकी सगळीकडे ‘काही नाही’ किंवा ‘कंटाळा’.

तपासणी : सातव्या दिवशी वही पुढे ठेवून चार ते पाच खुणांवर गोल करा. गोल दहाच्या वर जात असतील तर तुम्ही खुणा नाही, जागा मोजताय. ‘सलूनमध्ये’ आणि ‘बँकेत’ ही एकच खूण आहे, थांबणं.

२. तोंड तपासा

आरशापुढे, उजेडात. स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून दातांमधून आत जातात का पाहा. जात नसतील तर तोंड आकसायला लागलंय. ठेचा किंवा तर्रीची भाजी पूर्वीपेक्षा फार झोंबत असेल, तीही सुरुवातीची खूण असते. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, जीभ बाहेर काढायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या पायऱ्या चालू ठेवूनच दातांच्या डॉक्टरकडे जा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. त्याआधी ग्रामीण रुग्णालयात विचारलं तरी चालेल.

सावधान : तोंड एकदा आकसलं की खर्रा सोडल्यानं ते आपोआप पहिल्यासारखं उघडत नाही. सोडल्यानं पुढचं बिघडणं आवरतं. म्हणून ‘आधी सोडून पाहू, मग डॉक्टर’ हा क्रम चुकीचा.

३. खुणा उचला

घरातून सुरुवात करा. सदऱ्याचे खिसे, गाडीची डिक्की, वावरातल्या झोपडीतला आडोसा, बंडीच्या साट्याखालची फट, चुन्याची डबी, सगळं एका दुपारी रिकामं करा. सुपारी आणि चुन्याचा वास लागलेले खिसे धुऊन घ्या. हसू येईल, पण वासही खूणच आहे.

मग ठेला. इथे लोक एक मोठी चूक करतात. खर्रा सोडतात, पण उधारी ठेवतात. पंधरा दिवसांनी कापसाचे पैसे आले की उधारी फेडायला ठेल्यावर जातात, आणि तिथे ठेलेवाला पैसे मोजता मोजता सवयीनं एक घोटून पुढे ठेवतो. उधारी आधी फेडा. त्याला तोंडानं सांगा, ‘मी बंद करून राहिलो, मागितला तरी देऊ नको.’ ठेलेवाला गावातलाच असतो, बहुतेक वेळा ऐकतो. पैशाचा हिशेबही त्याच दिवशी लावून घ्या. समजा २० रुपयांचे पाच, तर दिवसाचे १०० आणि महिन्याचे ३,०००. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि विसरून जा. आकड्यानं कुणाचा खर्रा सुटल्याचं मी पाहिलं नाही, फक्त घरची मंडळी सोबत उभी राहतात.

पोराबाळांना ठेल्यावर पाठवणं आजपासून बंद. ‘जाय बे पोट्ट्या, एक खर्रा आन’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा बोलतो, ते आपल्याला कळतही नाही. सात वर्षांच्या पोराला त्यातून ठेल्याचा रस्ता, भाव, घोटणं बघत उभं राहणं आणि उरलेल्या रुपयाची गोळी, एवढं सगळं रोज शिकायला मिळतं. तंबाखूला त्यानं हात लावायच्या आधीच अर्धी सवय लागलेली असते. कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे, हे २००३पासून आहे. पण आपणच चिल्लर देऊन पाठवलं तर ठेलेवाल्याला काय बोलणार?

४. बदली आधी तयार ठेवा

रिकामी राहिलेली जागा जुनं पीकच भरून काढतं. निंदण करून वावर मोकळं सोडा, आठ दिवसांत गवत परत. म्हणून गोल केलेल्या प्रत्येक खुणेसमोर दुसरं काहीतरी पेरून ठेवायचं, आणि ते सोडायच्या दिवसाआधी.

‘मी खर्रा खाणार नाही’ या वाक्यावर हाताला काही करता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलेली साधी युक्ती आहे : अमुक झालं की तमुक करीन, असं आधीच बांधून ठेवायचं. माझी पाच वाक्यं अशी होती :

उठलो की दोन गिलास कोमट पाणी, मग दहा मिनिटं अंगणात फेऱ्या, मग संडास.
चहाचा कप खाली ठेवला की डाव्या खिशातली बडीशेप तोंडात.
धुऱ्यावर बैल वळले की पाण्याचा घोट, आणि लगेच पुढचं तास.
रांगेत उभा राहिलो की भाजलेला जवस, एकेक चिमूट.
कुणी पुढे केला की हात पाठीमागे, ‘डॉक्टरनं बंद केला.’

बदलीची वस्तू खर्रा ज्या खिशात असायचा त्याच खिशात ठेवा, हात तिकडेच जाणार आहे. मात्र ती पन्नीत बांधू नका, स्टीलच्या लहान डबीत ठेवा. पन्नीचा आवाज आला की बडीशेप चावता चावताही मन खर्ऱ्याकडे जातं. ओवा, लवंग, भाजलेले चणे, सुकवलेला आवळा, जे घरात असेल ते चालेल.

हाताचा विचार बहुतेकांच्या मनात येत नाही. खर्रा पन्नीत चोळत बसणं ही एक वेगळी सवय आहे, तोंडाइतकीच हाताची. संध्याकाळी अंगणात बसल्यावर हाताला चाळा लागतो. मी कापसाच्या वाती वळायला घेतल्या. आईला वर्षभर पुरतील इतक्या झाल्या. कुणी सुतळी वळतं, कुणी तुरीच्या शेंगा सोलतं.

सावधान : ‘तंबाखू काढून नुसती सुपारी’ ही बदली होत नाही. सुपारीची स्वतःची तलफ असते, आणि तोंड आकसण्यामागे मुख्य हात सुपारीचाच आहे. नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते. गोड सुपारी, पान मसाला, तंबाखू-चुना, बिडी, सगळं त्याच ठेल्यावर मिळतं, म्हणजे पाय तिथेच जाणार.

निकोटिनचा गम घ्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः छातीचा त्रास, गरोदरपण किंवा तोंड कमी उघडत असेल तर. तो च्युइंगमसारखा सतत चावतात आणि मग उचकी, मळमळ झाली म्हणून फेकतात. हळूहळू चावायचा, तिखटसर झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. त्याच्या पंधरा मिनिटं आधी आणि तोंडात असताना चहा नको.

५. आता दिवस ठरवा

वही झाली, तोंड पाहिलं, खिसे रिकामे, डबी भरलेली. आता शपथ घ्या, हवी असेल तर.

पोळा, दसरा, गुढीपाडवा हे दिवस टाळा. ते शपथेला शोभतात, सोडायला सोयीचे नसतात. पोळ्याला सगळं गाव तोरणाखाली जमतं आणि हातोहात पन्न्या फिरतात. पाडव्याला सालगड्यांची बोलणी होतात, आणि बोलणी म्हटली की बैठक, बैठक म्हटली की खर्रा. असा पंधरवडा निवडा ज्यात पेरणी नाही, कापूस वेचणीचा भर नाही, आणि घरातलं किंवा भावकीतलं लग्न नाही. त्यातही आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करा. पुढचा बाजार यायला सहा दिवस मोकळे मिळतात, आणि सगळ्यात जड दिवस त्यातच उरकतात.

काही जण सोडायला बहिणीच्या गावी किंवा पुण्याला कामावर जातात. पहिले दिवस खरोखर सोपे जातात, कारण तिथे तुमची एकही खूण नसते. पण आमच्या शेजारचा पोरगा तीन महिने बांधकामावर एक चिमटी न खाता राहिला, आणि गावच्या फाट्यावर एसटीतून उतरल्या उतरल्या त्यानं पिशवी खाली ठेवण्याआधी खर्रा घेतला. मार्क बाउटन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं : एका खोलीत लागलेली सवय दुसऱ्या खोलीत मोडली, तरी पहिल्या खोलीत परत नेलं की ती पुन्हा वर येते. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं बसवावं लागतं, आणि ते त्याच जागी. बाहेरगावी जायचं तर जा. मात्र परत आल्याचा दिवस हा तुमचा पहिला दिवस धरा.

६. पहिले चार दिवस

काय होईल ते आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. चिडचिड, डोकं जड, झोप मोडणं, भूक वाढणं, कामात लक्ष न लागणं आणि पोट साफ न होणं. जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग उतरतो, आणि बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत निवळतो.

पोटाचं मात्र वेगळं सांगतो, कारण आमच्याकडे निम्मे लोक त्याच्यावरूनच परत जातात. ‘खर्रा खाल्ल्याशिवाय मले होतच नाही.’ खरं आहे, शरीराला तशी सवय लागलेली असते. पण ते काही दिवसांचं आहे. कोमट पाणी, रात्री ताटात एक जास्तीची पालेभाजी, पिकलेली पपई किंवा केळं, आणि रोज ठरल्या वेळी जाऊन बसणं, होवो न होवो. मला सहाव्या दिवशी जमलं. कुणाला दहा लागतील.

एकेक तलफ काही मिनिटांची असते. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते, तुम्ही खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. घड्याळ बघा, पाणी प्या, उठून चाला, धुऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन या. तलफेशी वाद घालत बसू नका. वाद घातला की ती जास्त वेळ बसते.

घरच्यांसाठी : ‘पाहू किती दिस टिकते ते’ हे वाक्य या चार दिवसांत नको. त्या दिवसांत नवरा किंवा मुलगा वसकन अंगावर आला तर तिथंच उत्तर देऊ नका. जमा-खर्च, सोसायटीचं कर्ज, पोरीच्या स्थळाची गोष्ट पाचव्या दिवशी काढा.

फोनवर बोलायचं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा नंबर १८००-११-२३५६ आहे, पैसे लागत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात असाल तर २०१६मध्ये सुरू झालेल्या मुक्तिपथ अभियानाच्या क्लिनिकची तालुक्याला चौकशी करा. बाकी ठिकाणी आशाताईंना विचारा, त्यांना कुठे पाठवायचं ते ठाऊक असतं.

तपासणी : चौथ्या दिवशी रात्री वहीत बघा. पाच वाक्यांपैकी कोणतं एकदाही वापरलं गेलं नाही? ते वाक्य चुकीचं बांधलंय. माझं ‘रांगेत जवस’ सुरुवातीला फसलं, कारण डबी घरी विसरायचो. मग दुसरी डबी गाडीच्या डिक्कीत ठेवली.

७. पारावर परत जाणं

पहिला आठवडा पारावर जाऊ नका. पण कायमचंही टाळू नका, ही दुसऱ्या टोकाची चूक. गावात राहायचं तर पार टळत नाही. जो महिनाभर लपतो, तो महिन्यानंतर पहिल्याच दिवशी सापडतो, कारण पारावर खर्ऱ्याशिवाय बसण्याचा त्याला एक दिवसाचाही अनुभव नसतो.

दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं जा, जेवून जा, सोबत एक न खाणारा न्या. बडीशेप तोंडात आधीच असू द्या. गावात सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथून उठून थेट पारावर जाणं सोयीचं पडतं, वेळ ठरलेली, सोबत ठरलेली. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास. इथे दिवस मोजू नका, बैठका मोजा. समोर पन्नी निघाली, तुम्ही घेतली नाही, बोलणं चालू राहिलं आणि आभाळ कोसळलं नाही : ही झाली एक शिकवणी. अशा पंचवीस-तीस झाल्या की पारच तुम्हाला दुसरं काही शिकवायला लागतो. माझ्या वहीत एकोणिसाव्या बैठकीसमोर लिहिलंय, ‘पन्नी कधी निघाली कळलं नाही.’

आग्रहाचं उत्तर पाठ असू द्या. ‘घे ना भौ, एका चिमटीनं काय होते?’ याला ‘मी सोडला’ हे सगळ्यात कमजोर उत्तर, त्यावर लगेच चर्चा सुरू होते. ‘काहून बे, बायकोनं दम देला का?’ डॉक्टरचं नाव घेतलं की चर्चा डॉक्टरकडे वळते. घरी आरशापुढे दोनदा मोठ्यानं बोलून बघा, तोंडाला ते वळण पडलं पाहिजे.

८. एखादा खाल्ला तर

खाल्ला जाईल, बहुतेकांचा जातो. खरं नुकसान पुढच्या वाक्यानं होतं : ‘आता मोडलंच ना, मग उद्यापासून.’ लॅलींच्या त्याच अभ्यासात मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय बसण्यात फार फरक पडला नव्हता. तंबाखूची ओढ त्याहून जबर आहे, म्हणून इथे वेळ महत्त्वाचा. तोंडातला थुंका, चूळ भरा, उरलेली पुडी मातीत मिसळा आणि त्या एका खर्ऱ्याची वहीत पाच रकान्यांची ओळ लिहा. बहुतेक वेळा एक नवी खूण हाती लागते. मला लागली ती अशी : सासरी गेल्यावर मेव्हण्यासोबत पाटावर बसून. सासर वर्षातून चारदा, माझ्या सात दिवसांच्या नोंदीत ते येणार कुठून?

मधेच, स्वभावाबद्दल

ही पायरी नाही, पण वाचणाऱ्यांतल्या अनेकांना उपयोगी पडेल. मला सगळं गाव तापट म्हणायचं. मीही म्हणायचो, आमच्या घराण्याचा स्वभावच आहे. वही उलटून पाहताना दिसलं की माझी बहुतेक भांडणं दोन खर्ऱ्यांच्या मधल्या लांब अंतरात झालेली, बँकेत, तहसीलमध्ये, जिथे बाहेर पडता येत नव्हतं. सोडल्यावर महिनाभर चिडचिड वाढली, मग उतरली, आणि पूर्वीपेक्षा खाली येऊन थांबली.

त्याचबरोबर दुसरंही दिसलं, ते इतकं बरं नव्हतं. अकराचे पाच सांगायची सवय खर्ऱ्यासोबत गेली नाही. युरियाच्या बॅगा किती टाकल्या, पोराच्या परीक्षेला किती मार्क, बाजारात काय भाव मिळाला, सगळीकडे मी थोडं सावरून सांगत होतो. रोज अकरा वेळा केलेली छोटी लपवाछपवी वर्षानुवर्षं केली की ती त्या एका विषयापुरती राहत नाही. तिच्यासाठी मी वेगळी वही केली आहे. ती अजून चालू आहे आणि तिची प्रगती सांगण्यासारखी नाही.

९. वर्षातून एकदा येणाऱ्या खुणा

चहाची खूण रोज चारदा येते, म्हणून महिन्यात शंभरावर शिकवण्या होतात आणि ती मरते. पोळा वर्षातून एकदा येतो. तुम्ही आठ महिने सोडलेला असो, त्या तोरणाखालची खूण अजून तशीच ताजी आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. म्हणून लोक आठव्या महिन्यात पडतात आणि त्यांना कारण सापडत नाही.

कॅलेंडर घ्या आणि आधीच खुणा करा : पोळा, पहिली कापूस वेचणी संपते तो दिवस, भावकीतलं लग्न, जत्रा, तेंदूपत्त्याच्या भागात असाल तर फळी (पानं गोळा करायची जागा) सुरू होण्याचे दिवस. मयत कॅलेंडरवर लिहिता येत नाही, पण तिची तयारी ठेवा. स्मशानाच्या वाटेवर आणि नंतर घरापुढे बसताना गावात सगळ्यात जास्त खर्रा फिरतो, आणि दुःखात नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. डबी खिशात ठेवा, लाकडं आणण्या-रचण्याच्या कामात राहा, हात रिकामा ठेवू नका.

प्रत्येक वार्षिक खुणेच्या आदल्या रात्री तिच्यापुरतं एक वाक्य बांधा. पोळ्याला मी बैलाचा कासरा दोन्ही हातांनी धरून उभा राहतो, तोरण तुटेपर्यंत सोडत नाही.

वही कधी बंद करायची, असं काही जण विचारतात. रोजच्या खुणांसमोर सलग महिनाभर काही लिहावं लागलं नाही की त्यांची पानं बंद करा. वार्षिक खुणांसमोर एकेक बरोबरची खूण पडली की तीही. माझ्या वहीत पोळा, जत्रा, सासर, दोन लग्नं आणि तीन मयती यांच्यासमोर खूण पडली आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पाच वर्षांनी येते, आणि त्या दिवसांत दोन्ही पॅनलकडून खर्रा फुकट असतो. तिच्यापुढची जागा अजून कोरी आहे.